दोन किलोच्या आत घेतले जाणार नाही: एका चटणी कांडप केंद्राचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही. आकडेही थोडे मागेपुढे केलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खरं आहे. या प्रकरणात चुकीचा सल्ला देणारा माणूस मीच, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नये.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पेठेच्या टोकाला पिठाची गिरणी, तिला लागून चटणी कांडपाचे तीन डंक, म्हणजे उखळीत मुसळाने कुटणारी यंत्रं, आणि समोर खड्या मसाल्याचं काउंटर. १९८८ मध्ये एका डंकावर सुरू झालेला हा धंदा आता दुसऱ्या पिढीकडे आहे. दादा माझे शाळासोबती. वहिनी काउंटर सांभाळतात. आजी, म्हणजे दादांची आई, ऐंशीच्या घरातली, हंगामात दारात खुर्ची टाकून बसते आणि वासावरून सांगते की कुणाचे धणे करपलेत.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्याकडे चटणी म्हणजे पानात डावीकडे वाढतात ती नव्हे. मिरची, खडा मसाला, तीळ, खोबरं, तळलेला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर आणि खडे मीठ घालून केलेलं वर्षभराचं लाल तिखट म्हणजे चटणी. भाजी, आमटी, रस्सा, सगळं तिच्यावर. होळी झाली की गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात, देठ काढले जातात आणि वळवाचा पाऊस यायच्या आत घराघरातून डब्यांची रांग डंकाकडे निघते. रंगाला ब्याडगी, चवीला गडहिंग्लजच्या सौद्यातली जवारी संकेश्वरी, तिखटाला लवंगी. पण किती ब्याडगीला किती संकेश्वरी, हे प्रत्येक घराचं वेगळं. कुणी खसखस घालतं, कुणाकडे नागकेशराशिवाय चालत नाही. बाई नाकाला पदर लावून डंकाशेजारी बसते, चिमूट जिभेवर टेकवते आणि म्हणते, ‘अजून एक फिरवा.’

कांडपाचा दर २०१९ मध्ये किलोला ४० रुपये होता. त्यातून वीजबिल आणि चार बायकांचा पगार निघायचा. घर चालायचं ते खड्या मसाल्याच्या काउंटरवर, कारण मिरची घेऊन आलेली बाई लवंग, दालचिनी, दगडफूल, तीळ, खोबरं तिथेच घ्यायची. कांडप हे गिऱ्हाईक आणायचं निमित्त होतं, हे दादांच्या वडिलांना पक्कं ठाऊक असावं. आम्हाला ते उशिरा कळलं.

अडचण

२०१४ च्या हंगामात डंकावर सुमारे ११ टन मिरची कुटली गेली. २०१९ ला ती ७ टनांवर आली. पाच वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त काम गेलं. पेठेत मोठ्या कंपन्यांची कांदा-लसूण चटणी ५० ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंतच्या पुड्यांत मिळायला लागली होती. सुना नोकरीला जाऊ लागल्या, गच्चीवर मिरची राखत बसायला माणूस नाही, फ्लॅटमध्ये तर गच्चीच नाही.

मग २०२० आलं. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभरची टाळेबंदी सुरू झाली. ऐन हंगाम. गिरणी चालू ठेवायला परवानगी मिळाली, पण डंकापुढे बायकांची गर्दी होऊ द्यायची सोय नव्हती. अनेक घरांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा पुडीतली चटणी आणली. दादांचा मुलगा पुण्याची नोकरी घरून करायला गावी आला होता. त्याने एका संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल केला. ‘काका, हे पाच वर्षांत बंद पडणार. आपण ब्रँड काढूया का?’

मी बावीस वर्षं पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या विक्रीत काढली. डिस्ट्रिब्युटर नेमणं, स्कीम लावणं, दुकानाच्या फळीवर चार बोटं जागा मिळवणं हेच माझं काम. सोनाराला सल्ला विचारला तर तो दागिनाच सुचवणार. मी एकच प्रश्न विचारला: दर हंगामाला किती किलो कुटता? त्याने ११ आणि ७ हे आकडे सांगितले आणि माझं निदान झालं. गिऱ्हाईक पुडीकडे चाललंय, तर आपणही पुडीत जायचं.

त्या पहिल्या प्रश्नातच गाडं चुकीच्या रुळावर गेलं होतं. त्याबद्दल पुढे.

समोरचे पर्याय

चार गोष्टींवर चर्चा झाली. काहीच न बदलता तीनपैकी एक डंक विकून खर्च कमी करायचा, हा पहिला. दादांचा कल याच्याकडे होता. दुसरा, दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी कुटून द्यायचं. बाराही महिने काम मिळालं असतं, पण दर समोरचा ठरवणार. तिसरा, स्वतःचा ब्रँड. चौथा, फक्त ऑनलाइन विकायचं, पेठेच्या भानगडीत पडायचंच नाही. मुलाला चौथा आवडत होता. मी तो हाणून पाडला, कारण ८० रुपयांच्या पुडीवर कुरिअरचे ६० रुपये कोण देणार, हा माझा मुद्दा होता. मुद्दा बरोबर होता, फक्त पुडी ८० रुपयांचीच असली पाहिजे हे मी गृहीत धरलं होतं.

वहिनींनी त्या बैठकीत एकच वाक्य उच्चारलं: ‘पण चव कुणाची घालायची?’

मी म्हणालो, ‘तुमच्या घरची.’ सगळे हसले आणि विषय पुढे गेला. वहिनींचा प्रश्न चवीबद्दल नव्हताच. तीस वर्षं शेकडो घरांची चटणी शेजारीशेजारी कुटली जाताना पाहिलेल्या बाईला हे माहीत होतं, की या गावात ‘चांगली चटणी’ अशी काही एक चीज नसते.

काय केलं

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्येच सुरू झाली होती. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान. १४ लाखांचा प्रकल्प बसवला. पूड करणारा पल्व्हरायझर, पाऊच भरायचं यंत्र, पॅकिंगसाठी फरशी घातलेली वेगळी खोली. उलाढाल १२ लाखांच्या वर जाणार म्हणून अन्नसुरक्षेच्या साध्या नोंदणीऐवजी राज्य परवाना काढला. पाऊचची छपाई हा स्वतंत्र अध्याय आहे. ग्रॅव्ह्युअर छपाईला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर लागतं आणि छापणारा ठरावीक किलोच्या खाली माल काढून देत नाही. आम्ही सहा रंग निवडले. त्यातला एक रंग नऊवारीतल्या बाईच्या नथीला होता. अशी नथवाली बाई महाराष्ट्रातल्या निम्म्या मसाल्यांवर असते हे तेव्हा मला दिसत होतं, तरी मी बोललो नाही.

२०२१ च्या दिवाळीत माल पेठेत उतरला. दोन तालुक्यांना दोन डिस्ट्रिब्युटर. पहिले चार महिने बरे गेले. ओळखीच्या दुकानदारांनी भिडेखातर डझन डझन घेतलं.

कुठे बिघडलं

पहिला दणका पावसाळ्याने दिला. घरची चटणी खऱ्या कांद्यालसणाची असते. तळून, परतून घेतला तरी कांद्यात ओल राहतेच. घरी ती बरणीत दाबून भरतात आणि कोरड्या चमच्याने काढतात, म्हणून टिकते. दुकानाच्या फळीवर, पत्र्याखाली, जुलैच्या दमट हवेत ती पाऊचमध्ये गोळा होऊ लागली. काही पाकिटांना तेल सुटून शिवणीतून डाग बाहेर आले. ऑगस्ट २०२२ पर्यंत गेलेल्या मालातला जवळजवळ सहावा हिस्सा परत आला.

इथे पहिला मोठा निर्णय करावा लागला: ओला कांदा ठेवायचा की मोठ्या कंपन्यांसारखी निर्जलित कांदा-लसणाची पावडर घालायची? मी पावडरीच्या बाजूने होतो. दादाही, कारण परत आलेल्या मालाचं ओझं त्यांच्या छातीवर होतं. पावडर घातली. माल टिकायला लागला, आणि त्याच दिवशी आमच्या पुडीत व शेजारच्या पुडीत काही फरक उरला नाही. फरक उरला तो दरात. शेजारची मोठी कंपनी डझनावर एक फुकट द्यायची, डिस्प्लेचे पैसे मोजायची. आमचा डिस्ट्रिब्युटर विचारायचा, ‘स्कीम काय?’ दुकानदाराला १८ टक्के, डिस्ट्रिब्युटरला ८ टक्के, वर ४५ दिवसांची उधारी. पुडी जितकी जास्त खपेल तितके पैसे बाहेर अडकत होते.

एका जुन्या गिऱ्हाईक मावशींनी पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि दादांना विचारलं, ‘ही चटणी कुणाची म्हणायची ओ? आमची न्हाई, आणि तुमची बी न्हाई.’ दादांनी ते मला फोनवर हसत सांगितलं. हसण्यात दम नव्हता.

दुसरी घोडचूक मिरचीची. २०२३ च्या हंगामात ब्याडगीचे भाव चढे होते आणि आणखी चढणार असं सगळेच म्हणत होते. डंकाच्या धंद्यात मिरचीच्या भावाशी दादांचा संबंध नव्हता, कारण मिरची गिऱ्हाईकाची असायची. भाव वाढला तर बाई कमी आणायची, पडला तर जास्त. जोखीम हजार घरांत वाटली गेलेली. ब्रँड काढल्यावर ती सगळी एका माणसाच्या डोक्यावर आली. आम्ही किलोला चारशेच्या वर भाव देऊन वर्षभराची मिरची घेतली आणि शीतगृहात ठेवली. विक्री अंदाजाएवढी झाली नाही. मार्च २०२४ मध्ये अडीच टन शिल्लक असताना नव्या मालाची प्रचंड आवक झाली आणि भाव कोसळले. ११ मार्चला कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या बाजार समितीत संतापलेल्या शेतकऱ्यांनी जाळपोळ केली, गाड्या पेटल्या. टीव्हीवर ते दृश्य पाहताना दादा गप्प होते. शेतकऱ्याचं नुकसान डोळ्यांसमोर जळत होतं आणि आपलं सांगलीच्या शीतगृहात थंडपणे पडून होतं. आमच्या निम्म्या भावात नवी, तजेलदार मिरची कोणालाही मिळत होती.

बंद करायचा विचार त्या आठवड्यात पक्का झाला होता.

पावतीपुस्तकं

हिशेब मिटवायचा म्हणून मुलगा जुनी कागदपत्रं काढत होता. कांडपाला आलेल्या प्रत्येक डब्याला टोकन लागतं, नाहीतर चटण्यांची अदलाबदल होऊन भांडणं होतील. टोकनाबरोबर पावती: नाव, किलो, तारीख. २०११ पासूनची पावतीपुस्तकं आजीने फडक्यात बांधून ठेवलेली. मुलाने दोन रात्री बसून ती संगणकात भरली आणि मला तक्ता पाठवला.

२०१४ मध्ये डंकावर आलेली घरं होती १,४००, घरटी सरासरी ८ किलो. २०१९ मध्ये घरं १,२५०, घरटी साडेपाच किलो.

मी तो तक्ता बराच वेळ पाहत राहिलो. किलो सुमारे ३९ टक्क्यांनी घटले होते, पण घरं जेमतेम ११ टक्क्यांनी. गिऱ्हाईक फारसं पुडीकडे गेलंच नव्हतं. ते येतच होतं, लहान डबा घेऊन. दोन मुलं पुण्याला, एक मुलगी बेळगावला, घरात दोन म्हातारी माणसं. आठ किलो चटणी कोण खाणार? २०२० मध्ये मी ‘किती किलो’ याऐवजी ‘किती घरं’ विचारलं असतं तर १४ लाखांचा प्रकल्प झाला नसता. विक्रीच्या नोकरीत आम्ही टनात बोलतो. ती सवय मी घेऊन आलो होतो.

आणि दुसरी गोष्ट तक्त्यात नव्हती, भिंतीवर होती. डंकामागे लाल रंगात रंगवलेली पाटी: ‘दोन किलोच्या आत कांडप घेतले जाणार नाही.’ उखळीत थोडा माल असला की मुसळ तळावर आपटतं, म्हणून ती पाटी १९८८ पासूनच. त्या काळी दोन किलो कोणी आणतच नसे. आता जी घरं लहान झाली, त्यांना दारातून आम्हीच परत पाठवत होतो. ती घरं मग पुडी घेत, आणि ती पुडी बघून आम्ही म्हणत होतो की बाजार बदलला. रोज त्या पाटीखाली उभे राहून आम्ही ब्रँडच्या बैठका घेतल्या होत्या.

मग काय बदललं

मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, हंगाम हातात असतानाच, पाटी खरवडून काढली. एका फॅब्रिकेटरकडून तीनपैकी एका डंकाला लहान उखळी बसवून घेतली, एक किलोही कुटता येईल अशी. दर बदलला. आधी कितीही आणलं तरी किलोला एकच दर होता. आता एका किलोपर्यंत १२० रुपये, तीन किलोपर्यंत किलोला ८०, त्यापुढे ६०. मला वाटलं होतं बायका भांडतील. एकीनेही हरकत घेतली नाही, कारण तोवर त्यांना तो दरवाजाच बंद होता.

दुसरा बदल वहिनींचा. हंगामात समोर बसणाऱ्या प्रत्येकीला त्या विचारू लागल्या, ‘प्रमाण लिहून ठेवू का?’ जाड बांधणीची वही घेतली. नाव, मिरच्यांचं प्रमाण, मसाल्याची यादी, कांदा तळायचा की भाजायचा, मीठ किती. पहिल्या वर्षी ३०० च्या आसपास घरांची प्रमाणं लिहिली गेली. काहींनी ‘आमच्या सासूबाईंनी कुणाला सांगितलं नाही’ म्हणून नकार दिला, काहींनी चार वेळा येऊन दुरुस्त्या केल्या.

त्या वहीवर खरा धंदा उभा राहिला. पुण्यात, हिंजवडीला राहणारी मुलगी फोन करते: ‘आईच्या प्रमाणाची एक किलो पाठवा.’ मिरची आमची, मसाला आमच्या काउंटरचा, प्रमाण तिच्या आईचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून डबा जातो, सकाळी स्वारगेटला मिळतो. तिच्या इमारतीत दहा मिनिटांत हवा तो मसाला घरपोच देणारी ॲप आहेत. ती तीही वापरते. पण तिथे तिच्या आईची चटणी नाही. एका किलोला ती आनंदाने ७०० रुपये देते, आणि ८० रुपयांच्या पुडीवरून मी मांडलेलं कुरिअरचं गणित कुठल्या कुठे जातं. मुलाची ऑनलाइनची कल्पना चार वर्षं आधी बरोबर होती, वेगळ्या रूपात.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या मोठ्या कंपन्यांच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या कीटकनाशकाच्या कारणावरून कारवाई केली. त्या बातम्यांचाही हातभार लागला. डोळ्यांसमोर कुटून घेऊ म्हणणारी नवी घरं आली. हे नशीब, आमची हुशारी नव्हे.

निष्पत्ती

२०२५ च्या हंगामात २,१०० पावत्या फाटल्या, एकूण ८.४ टन. सरासरी चार किलो. टनात पाहिलं तर २०१४ च्या मागेच. पण काउंटरवर मसाला घेणारी माणसं दीडपट झाली आणि लहान डब्यांचा दर चांगला, त्यामुळे हाती उरणारी रक्कम २०१४ हून जास्त आहे.

हे ऐकायला गोड वाटतं, म्हणून बाकीचंही लिहितो. कर्जाचे हप्ते २०२७ पर्यंत आहेत. शीतगृहातली मिरची अखेर तोट्यात हॉटेलवाल्यांना दिली. सहा रंगांचे छापील पाऊच अजून दोन पोती पडून आहेत, त्यातली नथवाली बाई आता गिरणीत सुटे पैसे ठेवायला वापरतात. पुडीचा धंदा पूर्ण बंद केला नाही. ओल्या कांद्याशिवायचं साधं तिखट तेवढं ठेवलं, दोन डझन दुकानांत, रोखीने. राज्य परवाना, प्रयोगशाळेतल्या तपासण्या, पॅकिंगची स्वच्छ खोली, हे सगळं पुण्याला डबे पाठवायला उपयोगी पडलं. त्यामुळे १४ लाख अगदी पाण्यात गेले असं म्हणवत नाही. मुलगा पुन्हा पुण्यात नोकरी करतो आणि फोनवरच्या मागण्यांची यादी रोज रात्री गावी पाठवतो.

लहान डब्यांचा एक त्रास कोणी धरला नव्हता. दर डब्यानंतर उखळी पुसावी लागते. दिवसाला ४० डबे असताना ठीक होतं. ९० झाल्यावर बायकांचे खांदे भरून आले आणि एकीने हंगामाच्या मध्यात काम सोडलं. पगार वाढवून दुसरी मिळाली, पण हा प्रश्न सुटलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पावतीपुस्तकं आधी उघडायची होती, हे उघड आहे. त्याहून मला छळतो तो वहिनींचा प्रश्न. बैठकीतल्या सगळ्यांत जास्त माहिती असलेल्या बाईने एक वाक्य उच्चारलं आणि आम्ही तीन पुरुषांनी ते विनोदावारी नेलं. मी एवढं जरी म्हटलं असतं, ‘वहिनी, म्हणजे काय?’, तरी पुरे होतं.

दादांचा ‘काहीच करू नका’ हा पर्याय मी तेव्हा भित्रेपणाचा ठरवला होता. तोही बरोबर नव्हता. काही न करता पाटी तशीच राहिली असती. पण एक डंक विकून वर्षभर थांबले असते तर विचार करायला वेळ मिळाला असता. योजनेचं अनुदान समोर दिसत होतं, त्याची घाई झाली. ३५ टक्के फुकट मिळताहेत म्हणताना उरलेले ६५ आपले आहेत हे डोक्यातून जातं.

मिरचीचा साठा करण्याआधी निदान निम्मी खरेदी महिन्याला वाटून घ्यायला हवी होती. पावडरीच्या निर्णयाबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे जातं. माल परत येत असताना दुसरं काय करता आलं असतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्याच दिवशी दुकानांतून माल उचलायला हवा होता.

सध्या एक नवा पेच आहे. कोल्हापुरातल्या एका हॉटेलवाल्याने डंकावर एका घरची चटणी चाखली आणि त्याला महिन्याला ३० किलो हवी आहे, त्याच प्रमाणाची. चांगला दर देतोय. प्रमाण वहीत आहे. ज्या काकूंचं ते आहे त्या गेल्या वर्षी वारल्या. दादांचा मुलगा म्हणतो, काकूंच्या घरच्यांना विचारून काहीतरी हिस्सा देऊ. दादा म्हणतात, लेखी करू. वहिनींनी अजून काही सांगितलेलं नाही. वही त्यांनी काउंटरवरून उचलून घरातल्या कपाटात ठेवली आहे. या वेळी मी गप्प बसून त्यांच्या उत्तराची वाट पाहतोय.